शिंजीर, फणस आणि सहा तारा

फेब्रुवारीत पांगारा फुलला की आमच्या परसात एक भांडण सुरू होतं. नर शिंजीर येतो, उभ्या केलेल्या मोटरसायकलच्या दांडीवर बसतो आणि आरशातल्या दुसऱ्या शिंजिरावर तुटून पडतो. विणीच्या दिवसांत या पक्ष्याला आपल्या हद्दीत दुसरा नर खपत नाही, आणि आरशातला तर काही केल्या मागे हटत नाही. अंगठ्याएवढा जीव, वजन जेमतेम आठ-दहा ग्रॅम. ऊन तिरकं पडलं की निळा, जांभळा, मानेपाशी हिरवट असा झळाळून उठतो. ढग आला की क्षणात कोळशासारखा काळा. पक्षी तोच, जागा तीच, रंग मात्र कुठे गेला कळत नाही.

हाच पक्षी मी गिटारच्या माथ्यावर शिंपल्यात बसवला. गिटार घरीच केली, मागच्या पडवीत. ती करताना जे समजलं त्यातलं बरंचसं लाकडाबद्दल आहे, थोडं ध्वनीबद्दल, आणि या गायब होणाऱ्या रंगाबद्दल तर मी काही शिकेन असं वाटलंच नव्हतं.

सुरुवात एका वादळाने झाली. ३ जून २०२० ला निसर्ग चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर आलं. ताशी शंभर किलोमीटरहून जास्त वेगाचा वारा तासन्‌तास घोंघावत होता. श्रीवर्धन, दिवेआगर, मुरूड या पट्ट्यातल्या वाड्याच्या वाड्या आडव्या झाल्या. आमच्या वाडीतल्या सुपाऱ्या कमरेत मोडल्या आणि विहिरीजवळचा बरका फणस मुळासकट उपटला. पुढचे कितीतरी दिवस गावात करवतींचाच आवाज होता. पडलेली झाडं मिळेल त्या भावाला जात होती, बरीचशी जळणात. आमच्या सुतारकाकांनी फणसाच्या बुंध्यावर हात ठेवला आणि म्हणाले, "हा जाळू नका हो. पाट करा, देव्हारा करा, काहीही करा, पण जाळू नका."

कोकणात फणसाच्या लाकडाचा मान मोठा. घराचे खांब, दारं, पाट, देव्हारे या सगळ्याला ते चालतं. ताजं कापलं तर हळदीसारखं पिवळं, आणि वर्षं सरतील तसं मधासारखं तांबूस होत जातं. बौद्ध भिक्षूंची वस्त्रं रंगवायला याच लाकडापासून पिवळा रंग काढत. आणि वाद्यांशी त्याचं नातं जुनं आहे. तंजावरची सरस्वती वीणा फणसाची, मृदंगाचं खोड फणसाचं. दक्षिणेतल्या कारागिरांना हे लाकूड वाजतं हे पिढ्यान्‌पिढ्या ठाऊक आहे. मग गिटार का नको, असा विचार मनात आला तो तिथेच, चिखलात पडलेल्या त्या बुंध्याशेजारी.

ओंडका गिरणीत नेऊन इंचभर जाडीच्या फळ्या पाडल्या. इथे एक गोष्ट हट्टाने सांभाळावी लागते. खोडाची वार्षिक वर्तुळं फळीच्या रुंद बाजूला काटकोनात उभी राहतील अशा बेताने करवत चालवायची. तशी फळी दमट हवेत कमी फुगते, कमी बाक मारते. गिरणीवाल्याला अशी कापणी परवडत नाही, कारण त्यात लाकूड वाया जातं. मग शेजारी उभं राहून सांगावं लागतं. फळ्यांच्या टोकांना लगेच मेण फासलं. लाकडातलं पाणी टोकांतून सगळ्यात लवकर निघून जातं, टोकं आधी आकसतात आणि उभ्या चिरा पडतात. हवेवर सुकवताना इंचाला एक वर्ष असा सुतारांचा ठोकताळा आहे. कोकणात चार महिने पावसाचे जातात, म्हणून मी चार वर्षं थांबलो.

या चार वर्षांत गिटारच्या जाणकारांकडून एकच गोष्ट पुन्हा पुन्हा ऐकली, की पाठ आणि बगला शिसवीच्याच हव्यात. या आग्रहामागे मोठा इतिहास आहे. जर्मनीतल्या सॅक्सनीमधून १८३३ मध्ये न्यूयॉर्कला आलेल्या सी. एफ. मार्टिनने जी कंपनी उभी केली, तिच्या उंची गिटारी ब्राझीलच्या शिसवीच्या असत. ते लाकूड दुर्मीळ झालं, ब्राझीलने ओंडक्यांची निर्यात थांबवली, तेव्हा १९६९ पासून मार्टिन भारतीय शिसवीकडे वळली. ही आपली शिसव, पश्चिम घाटाच्या जंगलातली. ब्राझीलच्या शिसवीच्या आंतरराष्ट्रीय व्यापाराला १९९२ पासून बंदी आहे, आणि २०१७ च्या जानेवारीत शिसवीच्या साऱ्या जातींवर निर्बंध आले. त्यात तयार वाद्यंही अडकली. परदेश दौऱ्यावर निघालेल्या वादकांची फार कुचंबणा झाली आणि २०१९ च्या अखेरीस तयार वाद्यांना सूट मिळाली.

पण शिसवीवाचून आवाज येतच नाही का? स्पेनमधल्या आल्मेरियाचा अंतोनिओ दे तोरेस, ज्याने आजच्या अभिजात गिटारचा साचा घडवला, त्याने हा प्रश्न १८६२ मध्येच सोडवून पाहिला. त्याने एक गिटार केली जिची पाठ आणि बगला चक्क पुठ्ठ्याच्या. वरची पातळ फळी तेवढी उत्तम स्प्रूसची. ती गिटार बार्सिलोनाच्या संगीत संग्रहालयात आहे. तोरेसला म्हणायचं होतं ते एवढंच, की आवाज ठरतो तो पुढच्या फळीत आणि तिच्या बांधणीत. अलीकडे २०१८ मध्ये इंग्लंडच्या लँकेस्टर विद्यापीठातल्या संशोधकांनी एकाच कारागिराकडून सहा गिटारी करून घेतल्या. सगळं सारखं, पाठ-बगलांचं लाकूड तेवढं वेगळं. त्यात महागड्या ब्राझीलच्या शिसवीपासून स्वस्त सापेलीपर्यंत सगळं होतं. ५२ वादकांनी मंद उजेडात, डोळ्यांवर वेल्डिंगचा काळा चष्मा लावून त्या वाजवल्या. लाकूड कुठलं हे त्यांना खात्रीने ओळखता आलं नाही, आणि कुठलीही एक गिटार इतरांहून ठळकपणे सरस ठरली नाही. हे वाचलं आणि मी फणसाच्या फळ्या खाली काढल्या.

मिरजेचे सतारमेकर ज्याला तबली म्हणतात, ती गिटारची पुढची फळी. मला हा शब्द फार आवडतो. मिरजेत सतारी-तंबोरे घडवण्याची परंपरा एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापासून चालत आली आहे. शस्त्रं घडवणाऱ्या शिकलगार घराण्यांनी ती उभी केली. मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकनही मिळालं. तिथल्या एका कारखान्यात मी दोन दिवस नुसता बसून होतो. कारागीर भोपळा हातात घ्यायचा, बोटाच्या पेराने टकटक करायचा, कान लावायचा. बाजारात आपण माठ वाजवून घेतो, तसंच. पण त्याला त्या ठोक्यात भिंतीची जाडी ऐकू येत होती.

गिटारच्या तबलीलाही असंच ऐकावं लागतं. यासाठी मात्र मी फणस वापरला नाही. तार स्वतः हवेला फारसं हलवू शकत नाही, ती फार बारीक आहे. ती घोडीला हलवते, घोडी तबलीला, आणि तबली हवेला ढकलते. तेव्हा तबली हलकी हवी, पण ताठही हवी. सहा पोलादी तारा मिळून सुमारे ७० किलोंची ओढ लावतात आणि ती सारी घोडीतून या पातळ फळीवर येते. हलकेपणा आणि ताठपणा एकत्र फार थोड्या लाकडांत सापडतो. थंड प्रदेशात हळूहळू वाढणाऱ्या स्प्रूसमध्ये तो आहे. त्याचं घनमीटरचं वजन सुमारे ४०० किलो, फणसाच्या दोनतृतीयांश. रेषेच्या दिशेने ध्वनी त्यातून सेकंदाला पाच हजार मीटरहून अधिक वेगाने धावतो, हवेत धावतो त्याच्या जवळजवळ पंधरापट. आडव्या दिशेने मात्र ते कित्येक पटींनी लवचीक. एकाच फळीचे दोन भाग पुस्तकाच्या पानांसारखे उघडून मध्ये जोडायचे, म्हणजे डावी-उजवी बाजू एकमेकींचं प्रतिबिंब होतात.

ती फळी मी रंध्याने २.८ मिलिमीटरपर्यंत आणली. शेवटचा अर्धा मिलिमीटर काढायला दोन दिवस लागले. कारण फळीचा ताठपणा जाडीच्या घनाच्या प्रमाणात बदलतो. जाडी एक दशांशाने कमी केली, तर ताठपणा एक दशांशाने नाही, चौथ्या हिश्शाहून जास्त कमी होतो. रंध्याचा एकेक हात फिरवला की फळी अंगठा आणि बोटात धरून ठोकायची. आधी ती 'टक्' म्हणते. मग हळूहळू तिच्यात 'टंग्' उमटायला लागतं. त्याही पुढे गेलं की 'डब्'. 'डब्' आलं की फळी गेली. मी 'टंग्'पाशी थांबलो.

तबलीच्या पोटाकडून आधाराच्या पट्ट्या लावतात. पोलादी तारांच्या गिटारीत त्या फुलीच्या आकारात असतात. १८४० च्या दशकात मार्टिनच्या गिटारींत ही फुली आली. तेव्हा तारा आतड्याच्या होत्या, ओढ कमी होती. पुढे पोलादी तारा आल्या आणि तीच मांडणी त्यांना पुरून उरली. या पट्ट्यांवर पटाशी चालवताना मला शिंजिराचं घरटं आठवलं. मादी ते एकटीच बांधते. काड्या, पानांचे तुकडे, सालीचे धागे आणि हे सगळं एकत्र धरायला कोळ्याचं जाळं. लोंबती थैली, बाजूला दार आणि दारावर पावसासाठी छोटं छप्पर. आमच्या पडवीच्या तारेवर ते दरवर्षी असतं. वारा आला की घरटं झुलतं, ताणतं, पण फाटत नाही. वजन वाढवायचं नाही आणि ओढ सोसायची, हाच प्रश्न तिच्याही पुढे असतो.

बगला वाकवणं हे या कामातलं सगळ्यात धडकी भरवणारं काम. दोन मिलिमीटर जाडीची फणसाची पट्टी ओली करून तापलेल्या लोखंडी नळीवर हळूहळू दाबत न्यायची. नळीवर पाण्याचा थेंब टाकला तर तो नाचत निघून गेला पाहिजे, इतकी गरम. लाकडातले धागे लिग्निन नावाच्या द्रव्याने एकमेकांना चिकटलेले असतात. ओल आणि उष्णतेने ते मऊ होतं, धागे सरकतात. थंड झालं की पुन्हा आवळतं आणि वाक कायमचा राहतो. कमरेचा बाक सगळ्यात उलटा. माझी पहिली पट्टी तिथेच 'चट्' करून फाटली. तिची रेषा तिरकी निघालेली होती, ते मला दिसलं होतं आणि तरी मी ती वापरली. दुसऱ्या फळीतून पुन्हा पट्ट्या काढल्या. गरम फणसाला एक गोडसर वास येतो, अगदी आठळ्या भाजल्यासारखा. तो वास पडवीत दोन दिवस होता.

मान तूनच्या लाकडाची केली. मिरजेच्या तंबोऱ्याची दांडी याच लाकडाची असते. हलकं, तांबूस, पटाशीखाली लोण्यासारखं. स्पॅनिश गिटारची मान परंपरेने सेद्रेला नावाच्या अमेरिकी झाडाची. मला कितीतरी दिवस माहीत नव्हतं की ही दोन झाडं चुलत भावंडं आहेत. वनस्पतिशास्त्रज्ञ आपल्या तूनला पूर्वी सेद्रेलाच म्हणत. स्पेनच्या कारागिराने आणि मिरजेच्या कारागिराने एकमेकांना न भेटता जवळजवळ तेच झाड निवडलं होतं.

मानेवर शिसवीची पट्टी आणि तिच्यात पडदे. सतारीचे पडदे धाग्याने बांधलेले, सरकवता येतात. रागाप्रमाणे गंधार-निषाद बसवता येतो. गिटारचे पडदे कायमचे ठोकलेले, म्हणून त्यांचं गणित आधीच पक्कं करावं लागतं. सप्तकाचे बारा सारखे भाग करायचे, तर प्रत्येक पडद्यापाशी तारेची उरलेली लांबी १७.८१७ ने भागायची आणि तेवढं पुढे सरकायचं. माझ्या तारेची लांबी ६४५ मिलिमीटर. पहिला पडदा ३६.२ वर, दुसरा त्यापुढे ३४.१७ वर आणि असं करत बारावा बरोबर ३२२.५ वर, तारेच्या निम्म्यावर. अर्धा मिलिमीटर चुकला तर कानाला कळतं. आणि या सगळ्या अचूकपणानंतरही गिटारचा गंधार तंबोऱ्यातून आपोआप उमटणाऱ्या गंधारापेक्षा किंचित चढाच राहतो. बारा सारखे भाग करण्याची ती किंमत आहे.

पोकळीत साठलेल्या हवेलाही स्वतःचा एक सूर असतो. रिकाम्या बाटलीच्या तोंडावर फुंकलं की जो घुमतो, तोच प्रकार. गिटारच्या पोटातल्या हवेचा हा सूर सेकंदाला शंभर कंपनांच्या आसपास असतो. जाड तारांना जो भरीवपणा येतो, तो बराचसा तिथून येतो. पेटी लहान केली की हा सूर वर चढतो आणि खर्ज पातळ होतो. परसातही हाच नियम ऐकू येतो. शिंजिराची चिवचिव गिटारच्या वरच्या टोकाच्याही कितीतरी वर असते. पातळ तारेचा विसावा पडदा दाबला तरी १०४७ कंपनांपर्यंतच पोहोचतो. पण दुपारी बांबूच्या बेटातून भारद्वाज 'कूप कूप' करतो, तो मोठ्या अंगाचा पक्षी, त्याचा घुमारा गिटारच्या जाड-मध्यम तारांत सहज सामावतो.

आता त्या परसातल्या जिवांकडे येतो. गिटारवर पक्षी बसवणारा मी काही पहिला नाही. अमेरिकेत मिशिगनमधल्या कॅलमाझू गावी गिब्सन कंपनीने १९६० मध्ये 'हमिंगबर्ड' नावाची गिटार काढली. तिच्या फळीवर फुलाशी घोटाळणारा गुंजनपक्षी रंगवलेला होता. दोन वर्षांनी 'डव्ह' आली. मेरीलँडच्या पॉल रीड स्मिथच्या विद्युत गिटारींच्या मानेवर तर पडद्यांच्या खुणांच्या जागी वेगवेगळे पक्षी आहेत. घार, घुबड, चिमणी. त्याची आई पक्षिनिरीक्षक होती, तिच्या पुस्तकातून ते पक्षी त्याच्या गिटारीवर आले. गुंजनपक्षी फक्त अमेरिका खंडांत आढळतात. फुलातला मध चोखणारा, चकाकणारा, चिमुकला म्हणून आपण शिंजिराला त्यांचा भाऊ समजतो, पण दोघांचं नातं दूरचं आहे. एकाच प्रकारचं पोट भरता भरता दोघे एकमेकांसारखे दिसू लागले.

मला खुणाही परसातल्याच हव्या होत्या. मानेवर तिसऱ्या पडद्याजवळ चतुराचे पंख, पाचव्याजवळ खारीच्या पाठीचे तीन पट्टे, सातव्याजवळ सरड्याच्या शेपटीचं वेटोळं. बाराव्याजवळ भारद्वाजाचा तांबडा पंख, तो तूनच्या लाकडाचा. मधल्या गोल भोकाभोवती नारळाच्या करवंटीच्या बारीक तुकड्यांची कोळ्याच्या जाळ्यासारखी नक्षी. आणि माथ्यावर शिंजीर.

हे करताना एक गोष्ट मला अस्वस्थ करत होती. वाद्यांमध्ये प्राणी पूर्वीपासून होते, पण चित्रात नव्हे, देहाने. तारा मेंढीच्या आतड्याच्या, त्यालाच आपण तात म्हणतो. दुसऱ्या महायुद्धात आतडं शस्त्रक्रियेच्या टाक्यांसाठी लागू लागलं, तारांना कमी पडलं, आणि मग नायलॉन आलं. तार छेडायची नखी हॉक्सबिल कासवाच्या पाठीची. तारा टेकायची पट्टी हस्तिदंताची. सतारीची घोडी सांबरशिंगाची. जोड जनावरांच्या कातड्या-हाडांपासून काढलेल्या सरसाचे. कासव आणि हत्ती यांची अवस्था काय झाली ते आपण जाणतो, कायदे आले ते योग्यच झालं. माझ्या गिटारीत हाडाची एक छोटी पट्टी आहे, म्हशीच्या. तीही नैसर्गिक मरण आलेल्या जनावराची असावी असा मी आग्रह धरला. सरस मात्र मी जाणूनबुजून वापरला. तो ६० अंशांच्या आसपास तापवून लावतात, आणि शंभर वर्षांनी कोणाला गिटार उघडून दुरुस्त करायची झाली, तर ओल आणि उष्णता दिली की जोड सुटतो. दुरुस्त होऊ शकणारी वस्तू करणं हेही जिवांबद्दलच्या आदराचंच एक रूप आहे असं मला वाटतं.

शिंपले गावच्या तळ्याकाठचे, मेलेल्या शिंपल्यांचे, उन्हाळ्यात चिखल सुकला की वर येणारे. वरून मातकट, आतून रुपेरी, त्यात गुलाबी-हिरवट झाक. न्यूझीलंडचा पावा शिंपला विकत मिळतो, त्याचा निळा-हिरवा रंग भडक देखणा आहे, पण शिंजिराला तो नको होता. शिंजीर मुळात काळाच असतो. त्यावर प्रकाशाची रेघ चमकून जाते. म्हणून पक्ष्याचं अंग शिसवीचं ठेवलं आणि गळा, खांदा, पाठ एवढ्याच जागी शिंपल्याच्या तांदळाएवढ्या चकत्या, एकेक पिसासारख्या. शिंपला वाकडा असतो, मोठा सपाट तुकडा निघत नाही, तेव्हा लहान चकत्या हा नाइलाजच होता. पण त्याचा फायदा नंतर कळला. प्रत्येक चकती किंचित वेगळ्या कोनात बसली, त्यामुळे गिटार हलली की चमक एका पिसावरून दुसऱ्यावर सरकत जाते.

सोनाराच्या बारीक करवतीने शिंपला कापताना पाणी सोडत राहायचं आणि तोंडावर मास्क लावायचाच. त्याची धूळ फुप्फुसांना फार वाईट. पहिल्या दिवशी संध्याकाळी मेजावर साठलेली ती धूळ मी बोटावर घेतली आणि बघत राहिलो. पांढरी, खडूसारखी. ज्या तुकड्यात गुलाबी, हिरवा, निळा खेळत होता, त्याच्या पुडीत यातलं काही नव्हतं.

कारण शिंपल्यात तो रंग कधी नव्हताच. शिंपल्याचं अस्तर कॅल्शियम कार्बोनेटच्या पातळ चकत्यांचे थर रचून बनतं, मध्ये प्रथिनाचा बारीक पापुद्रा. प्रत्येक चकतीची जाडी साधारण अर्धा मायक्रॉन, म्हणजे दृश्य प्रकाशाच्या तरंगलांबीएवढीच. वरच्या थरावरून परतणारा प्रकाश आणि खालच्या थरावरून परतणारा प्रकाश एकमेकांत मिसळतात. कोन जुळला तर एक रंग उजळतो, दुसरा विझतो. कोन बदलला की रंग बदलतो. थर मोडून पूड केली, की उरतो नुसता खडू. साबणाच्या फुग्यावर आणि पावसाळ्यात रस्त्यावर सांडलेल्या तेलावर जे रंग फिरतात, तेही असेच.

शिंजिराचं पीसही असंच. त्यात निळा रंग नाही. आहे ते मेलॅनिन, आपल्या केसांना काळं करणारं तेच द्रव्य. त्याचे सूक्ष्म कण केराटिनमध्ये थराथरांनी रचलेले असतात आणि प्रकाश त्या थरांवर तसाच खेळतो. ऊन कोनात आलं की निळा-जांभळा, नाही आलं की काळा. म्हणून ढग येताच तो आरशावर कोळसा होत होता. कित्येक वर्षं पाहिलेली ती गोष्ट शिंपल्याच्या पांढऱ्या धुळीने समजावून सांगितली. पक्ष्याचा रंग आणि शिंपल्याचा रंग एकाच तऱ्हेने घडतो. शिंजीर काढायला शिंपल्याहून योग्य काहीच नव्हतं, आणि ते मी निव्वळ दिसायला छान म्हणून निवडलं होतं.

पावसाळ्यात काम थांबवावं लागलं. आमच्याकडे जुलैत हवेतली आर्द्रता नव्वद टक्क्यांच्या आसपास, आणि गिटार जोडायची ती ४५ ते ५० टक्क्यांत. ४०० मिलिमीटर रुंदीची तबली दमट हवेत आडवी दोन-अडीच मिलिमीटर फुगू शकते. दमट दिवसांत जोडली तर कोरड्या दिवसांत आकसून तडकते. मी एका लाकडी कपाटात बारीक दिवा आणि आर्द्रता मोजायचं यंत्र लावून सगळे भाग त्यात ठेवले. सकाळ-संध्याकाळ काटा बघायचा, एवढंच काम उरलं.

नोव्हेंबरमध्ये पॉलिश केलं, लाखेचं. लाखेचा किडा पळस, बोर, कुसुम अशा झाडांच्या डहाळ्यांवर राळेचं कवच करतो. त्यापासून चपडी लाख निघते. भारत हा लाखेचा मोठा देश आहे, रांचीला तिच्या संशोधनाची संस्था १९२४ पासून आहे. गाण्याच्या जुन्या ७८ च्या तबकड्याही लाखेच्याच असत. लाख स्पिरिटमध्ये विरघळवून, कापसाच्या बोळ्याला सुती फडकं गुंडाळून गोल गोल हाताने चढवायची. एकेक थर केसाहून पातळ. दमट हवेत ती पांढरी पडते, म्हणून पाऊस संपेपर्यंत थांबणं भाग होतं. तीन आठवडे रोज तासभर हात फिरत राहिला आणि पिवळा फणस आतून पेटल्यासारखा दिसायला लागला.

तारा लावल्या त्या दिवशी आरशावर कोणी नव्हतं. विणीचा हंगाम संपला की नर शिंजीर आपली झळाळी टाकतो. पाठ मातकट, पोट फिकट पिवळं आणि गळ्यापासून खाली एक काळी रेघ तेवढी उरते. पहिल्यांदा पाहणाऱ्याला तो दुसराच पक्षी वाटतो. तो जास्वंदीवर होता, एक फूल सोडून दुसऱ्यावर. मी तारा हळूहळू ओढत नेल्या, आधी अर्ध्या सुरावर, अर्ध्या तासाने पूर्ण. घोडीमागची तबली किंचित वर आली, तशी ती यायलाच हवी. पहिला सूर वाजला तो जाड षड्‌जासारखा, जरा बुजलेला. नवं वाद्य तसंच असतं, ते वाजवत राहिल्यावर मोकळं होतं असं कारागीर म्हणतात.

सकाळी पाहिलं तर सहाही तारा अर्ध्या सुराने उतरल्या होत्या. ताणाखाली तबली, मान आणि जोड आपापल्या जागी बसत होते. पुन्हा चढवल्या. खिडकीतून ऊन माथ्यावर तिरकं आलं तेव्हा गळ्यावरच्या चकत्या एकामागून एक उजळल्या, आणि किल्ली फिरवताना हात आड आला तसा पक्षी काळा झाला.